काठीचा कैवार

छायाचित्रे काढणाऱ्या मंडळींत हल्ली एक मत वेदवाक्य होऊन बसले आहे: ज्याच्यापाशी ट्रायपॉड, म्हणजे आपली तिपाई नाही, त्याने छायाचित्रकार म्हणवून घेऊ नये. आणि टेकत चालायच्या काठीवरच कॅमेरा बसवणारा? तो तर त्यांच्या लेखी धड वाटसरू नाही आणि धड कलावंतही नाही. या मताला माझा कडाडून विरोध आहे.

ही काठी साधी असते. तिची मूठ फिरवून काढली की आत पाव इंच व्यासाचा, इंचाला 20 आटे असलेला स्क्रू दिसतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या बुडाला याच मापाचे भोक असते. कॅमेरा वर बसवला की काठी त्याचा एक पाय होते; उरलेले दोन छायाचित्रकाराने स्वतःचे द्यायचे. काही काठ्यांचे बूड उकलून तीन आखूड पायही निघतात.

तिपाईवाले म्हणतात, एक पाय डगमगणारच. कबूल. पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवायचा असेल, चांदण्या टिपायच्या असतील, तर तिपाईला पर्याय नाही. परंतु भरदिवसा चांदण्या टिपायला निघालेले हे लोक कोण? 200 मिलिमीटरचे भिंग नुसत्या हाती धरायचे तर सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून सावकाश जाऊ नये, असा जुना ठोकताळा आहे. काठीचा टेका मिळाला की सरावाचा हात पन्नासाव्या भागापर्यंत निभावून नेतो. मेंढरे परतण्याच्या वेळचा मावळता उजेड पकडायला तेवढे पुरे होते.

आता अंथुर्ण्याच्या बाजूला या. आषाढीच्या वारीत तुकोबांच्या पालखीचे पहिले गोल रिंगण अलीकडे बेलवाडीला होते. मग पालखी अंथुर्ण्यावरून निमगाव केतकीकडे जाते. त्या रिंगणाच्या कडेला तिपाया कशा मांडल्या जातात ते मी पाहिले आहे. तीन पाय फाकवले की चार माणसांची जागा गेली. देहूपासून चालत आलेली म्हातारी टाचा उंचावून अश्व दिसतो का पाहते, आणि तिपाईचा धनी तिलाच सांगतो, ‘‘आजी, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय.’’ मध्ये कोण आले आहे? रिंगण तिचे, हा तर पाहुणा! आणि गंमत अशी की, धावता अश्व टिपायला पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच उघडावा लागतो. त्या वेगाला हाताचा कंप जाणवतही नाही. म्हणजे जेथे तिपाईची गरजच नाही, तेथे ती ठाण मांडून बसते! काठीला जमीन लागते रुपयाभर. आजी पुढे आली तर ती उचलून एक पाऊल मागे सरता येते.

माझा मुद्दा आहे तो हा. तिपाई जागेवर हक्क सांगायला शिकवते. काठी वाट द्यायला शिकवते. इंदापूरच्या माळावर काठीवर हनुवटी टेकून कळपावर नजर ठेवणारा धनगर पाहा. टेकून स्थिर कसे राहावे आणि कळप हलताच पुढे कसे व्हावे, ही विद्या त्याची. त्याला कोणी अर्धवट म्हणत नाही.

मात्र धनगर काठी जपतो, आमचे हौशी लोक जपत नाहीत. आणि मग काठी डगमगते म्हणून ओरडतात. काठीचे बूड त्यांनी कधी पाहिले आहे काय? नीरा डाव्या कालव्याच्या भिजणीतली काळी माती सांध्यांत शिरली की ती वाळून दगड होते. घरी येताच धातूच्या काठीचे भाग सुटे करावेत, ओल्या फडक्याने पुसावेत, पुरते सुकू द्यावेत आणि मगच जोडावेत. पिळून घट्ट होणाऱ्या सांध्यांना तेल मुळीच लावू नये. ते घर्षणावर धरतात, तेलाने निसटतात. काठी लाकडाची असेल तर तिला जवसाचे तेल चोळावे. डांबरी रस्त्यावर रबरी टोपण, मुरमावर लोखंडी शेंबी. झिजलेले टोपण त्याच दिवशी बदलावे. उतारावर अंगाचा भार टाकण्याआधी एकदा जोर देऊन सांधे तपासावेत. आणि कॅमेरा वर ठेवून काठी खांद्यावर टाकून चालू नये. हिसक्यांनी स्क्रू ढिला होतो आणि हजारोंचे यंत्र धुळीत जाते.

एवढे करायला रोज पाच मिनिटे लागतात. ज्याला तीही द्यायची नाहीत, त्याने काठीला नावे ठेवू नयेत. आणि पुढच्या आषाढात बेलवाडीला येणाऱ्यांना माझे रोखठोक सांगणे: तिपाया गाडीतच राहू द्या. काठी घ्या आणि आजीच्या मागे उभे राहा. तिच्या खांद्यावरून दिसेल ते रिंगण टिपा.