तीन आणि दोन

झपताल ज्याच्या हातात बसलेला आहे, त्याने ‘टेक फाइव्ह’ ही जॅझची धून ऐकताना मांडीवर ताल धरून बघावा. मी धरला होता, आणि हात अडला होता. धी ना, धी धी ना. आपल्याकडे आधी दोन, मग तीन. इथे आधी तीन, मग दोन. गट पाचाचाच, पण वजन उलटं. ते एकदा हातात बसलं आणि मग ही धून कधी सुटलीच नाही.

पियानोवर डेव्ह ब्रूबेक, चौकडीही त्याच्याच नावाची, म्हणून पुष्कळजण ही रचनाही त्याचीच समजतात. ती चौकडीतल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडची. पाच मात्रांची ओढ होती ड्रमवादक जो मोरेलोला. त्याच्यासाठी डेझमंडने दोन तुकडे रचले, ब्रूबेकने ते एकत्र गुंफायला सुचवलं आणि १ जुलै १९५९ला न्यूयॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. जॅझ तेव्हा बहुतेक चारातच चालायचं. पण वेगळ्या लयी या मंडळींच्या कानावर पडल्या होत्या; आदल्याच वर्षी ती दौऱ्यावर होती. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ब्रूबेकने नऊची लय उचलली. मुंबईत तो उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँच्या सतारीबरोबर वाजवायला बसला.

मला मात्र या धुनेत सगळ्यात जवळचा वाटतो तो मधला भाग. डेझमंड थांबतो. मोरेलो ड्रमवर सुटतो. एक ठोका, मग मोठी मोकळी जागा, पुन्हा दोन ठोके. आणि ब्रूबेक? तो पियानोवर तेच पाच मात्रांचं आवर्तन धरून बसलाय, न हलता, न सजवता. तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवाला लेहरा धरतो ना, अगदी तसाच. नाव ब्रूबेकचं असताना त्याने इतका वेळ नुसता लेहरा धरावा, याचं मला फार अप्रूप आहे.

मग डेझमंड परत येतो. आल्टो सॅक्सोफोन कर्कश व्हायला वेळ लागत नाही, पण याच्या हातात तो कधीच ओरडला नाही. सुरात श्वास मिसळलेला, जणू समोर एकच माणूस बसलाय आणि त्याच्याशी बोलायचंय.

३० मे १९७७ला फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. वय अवघं ५२. मुलंबाळं नव्हती. मृत्युपत्रात त्याने आपल्या रचनांच्या मानधनाचे हक्क अमेरिकन रेडक्रॉसला दिले. तेव्हापासून ही धून कुठे रेडिओवर लागते, कुठल्या सिनेमात वाजते, आणि डेझमंडच्या वाट्याचे पैसे पूरग्रस्तांच्या, रक्तपेढ्यांच्या कामी जातात.

दर ३० मेला रात्री मी ती लावते. ड्रम सुरू होतात, पियानो येतो, आणि डेझमंड यायच्या आधीच बोटं मांडीवर गेलेली असतात. तीन, दोन. तीन, दोन.