कानातला बिल्ला आणि बर्फावरची गाडी

जावयांनी गाडी घेतली, असं लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या सौ.ने देवापुढे साखर ठेवली. रंग कोणता, एवढंच तिने विचारलं. चाकं किती, हे विचारायचं कुणाला सुचणार? डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघं मिनियापोलिसजवळच्या त्यांच्या घरी पोहोचलो. गॅरेजचं दार वर गेलं आणि आत जी वस्तू दिसली तिला एकही चाक नव्हतं. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसा रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी लांब बैठक. ही स्नोमोबाइल. तिकडची माणसं तिला नुसतं 'स्लेड' म्हणतात. "आता हळदकुंकू लावायचं कुठे?" सौ. पुटपुटली.

गाडी जुनी होती, रोख पैसे देऊन घेतलेली. कर्जाचा प्रश्न नव्हता. पण पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या तोंडून अशा वेळी एकच शब्द बाहेर पडतो. मी विचारलं, "विमा?"

जावई हसले. "बाबा, मिनेसोटात स्नोमोबाइलला विम्याची सक्ती नाही. आणि घराचा विमा आहेच की आपला."

उत्तर बिनचूक होतं. तरी ते ऐकून मला गाय आठवली.

ही गाय १९८०च्या दशकातली, मराठवाड्यातल्या एका लहान गावातली. मी तेव्हा ग्रामीण शाखेत नवा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही दुभत्या जनावरांसाठी कर्जं द्यायचो. जनावराचा विमा उतरवणं सक्तीचंच. विमा उतरला की गाईच्या कानात एक बिल्ला ठोकायचा. बिल्ल्याचा नंबर हीच तिची ओळख. गाय मेली तर तो बिल्ला दाखवायचा. बिल्ला नाही, तर भरपाई नाही. एका विधवा बाईला मीच कर्ज मंजूर केलं. हप्त्याचे पैसे कर्जातून कापले, जिथे अंगठा हवा तिथे अंगठा घेतला. दीड वर्षाने पावसाळ्यात गाय मेली. बाई शाखेत आल्या तेव्हा मी आधी बिल्ला मागितला. तो कधीतरी बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात अडकून पडला होता. त्या म्हणाल्या, "सायब, त्यो इम्याचा व्हता व्हय? मला वाटलं, सरकारची खूण हाय."

दावा नामंजूर झाला. गाय गेली, कर्ज राहिलं. माझ्या दप्तरात मात्र सगळं चोख होतं. अर्ज, सही, पावती, काही कमी नव्हतं. एकच गोष्ट राहिली होती. बिल्ला पडला तर लगेच येऊन सांगा, एवढं एक वाक्य मी त्या बाईंना बोललो नव्हतो. सक्तीचं होतं म्हणून मी विमा उतरवला होता आणि सक्तीचं होतं म्हणूनच त्याचा अर्थ सांगायची मला गरज वाटली नव्हती. पुढे कित्येक महिने त्या थोडे थोडे पैसे भरायला यायच्या, आणि मी मान खाली घालून पावती फाडायचो.

त्या रात्री मी जावयांकडून घराच्या विम्याची पॉलिसी मागून घेतली. निवृत्त माणसाला आणि वेळेच्या फरकाने झोप उडालेल्या माणसाला याहून चांगलं वाचन नाही. बारीक अक्षरातली पानं चाळता चाळता हवं ते सापडलं. स्नोमोबाइलमुळे दुसऱ्याला इजा झाली तर जबाबदारी घेऊ, पण गाडी घराच्या आवारात असेल तरच. आवाराबाहेर नाही. घराच्या बहुतेक पॉलिसींचा साधारण असाच रिवाज आहे. म्हणजे अंगणात चकरा मारल्या तर विमा आहे. पण अंगणात चकरा मारायला स्नोमोबाइल कोण घेतं?

सकाळी चहाच्या वेळी मी ती ओळ जावयांना दाखवली. ते दोनदा वाचून गप्प झाले. मग म्हणाले, "गाडी जुनी आहे बाबा. मोडली तर मोडली." इथेच आपली सगळ्यांची गफलत होते. विमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आपली वस्तू येते. वस्तू स्वस्त असेल तर विमा कशाला, हा हिशेब सरळ वाटतो. पण ताशी पन्नास मैलांनी धावणारं धूड दुसऱ्याच्या अंगावर गेलं, तर त्या माणसाच्या पायाची किंमत आपल्या गाडीच्या किमतीवरून ठरत नाही. आपली गाडी जुनी म्हणून त्याचं हाड स्वस्त होत नाही. आणि अमेरिकेत इस्पितळाचं बिल काय असतं, हे ज्याची मुलंबाळं तिकडे आहेत त्याला सांगायला नको.

शिवाय ही गाडी धावते कुठे? मिनेसोटात स्नोमोबाइलच्या वाटा बावीस हजार मैलांहून अधिक आहेत. त्यांतल्या बहुतेक वाटा स्थानिक क्लबांची माणसं राखतात. पाट्या लावतात, झुडपं तोडतात, रात्री यंत्र फिरवून हिम सारखं करतात. यातल्या पुष्कळ वाटा खासगी जमिनींतून जातात. कुणाचं मक्याचं रान, कुणाचं कुरण. शेतकरी परवानगी देतो म्हणून वाट आहे. कुणी उनाड स्वाराने वाट सोडून त्याच्या रानात धुडगूस घातला, तर पुढच्या हिवाळ्यात तो परवानगी काढून घेऊ शकतो, आणि एकाच्या मस्तीपायी सगळ्यांची वाट तुटते. दुसऱ्याच्या बांधावरून जाताना आपल्याकडेही माणूस चार शब्द सांभाळून बोलतो. दुसऱ्याची भरपाई करणारा विमा हा मला त्या चार शब्दांसारखाच वाटतो.

शेजारच्या कॅनडाने हे माणसाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. आँटारिओ प्रांतात स्वतःच्या जागेबाहेर स्नोमोबाइल न्यायची तर विमा लागतोच. क्यूबेकमध्ये तर दुसऱ्याला होणाऱ्या इजेसाठी किमान दहा लाख डॉलरचा विमा हवा. त्याच क्यूबेकमध्ये, व्हालकूर नावाच्या गावात, या गाडीच्या इतिहासातलं एक मोठं दुःख घडलं आहे. जोझेफ-आर्मां बोंबार्डिये हा तिथला यंत्रांत रमणारा तरुण. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचं आंत्रपुच्छ फुटून पोटात विष पसरलं. रस्ते हिमाने बंद होते. इस्पितळात वेळेवर पोहोचता आलं नाही आणि मूल गेलं. हिमावर चालणारं वाहन करायची खटपट त्याची आधीपासूनच चालू होती. १९३७ मध्ये त्याला आपल्या पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्याच्या पहिल्या गाड्या सात माणसांच्या, बंदिस्त होत्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांच्या उपयोगाच्या. एक-दोन माणसांची हलकी 'स्की-डू' आली ती १९५९ मध्ये, आणि तिच्यापासून गरजेचं वाहन हौसेचंही झालं.

हौसेला माझा विरोध नाही. पाच-सहा महिने घरात कोंडलेल्या माणसाला उघड्यावर घेऊन जाणारी वस्तू वाईट कशी म्हणू? पण गरजेपोटी निघालेला माणूस आपोआप सावध असतो. हौसेने निघालेल्याला सावधपणा मुद्दाम बरोबर घ्यावा लागतो.

तर आम्ही विम्याचा अर्ज भरायला बसलो. आणि वाचकहो, पस्तीस वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या टेबलावर कळलं. विम्याचा पहिला उपयोग दावा करताना होत नाही, अर्ज भरताना होतो. गाडी कोण चालवणार? जावई. १९७६ नंतर जन्मलेल्या मिनेसोटाकरांना सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. इंजिनियर असूनही त्यांना परीक्षा द्यावी लागली होती, याचा लेकीला फार आनंद. मित्राला चालवायला देणार का? याचा विचारच झाला नव्हता. गाडी उन्हाळ्यात कुठे ठेवणार? ट्रेलरवरून नेताना काय? शर्यतीत उतरणार का? आणि कुठे कुठे जाणार?

या शेवटच्या प्रश्नावर नातू आनंदाने ओरडला, "तळ्यावरून! आजोबा, आम्ही तळ्यावरून पलीकडे जाणार!"

नववर्षाच्या आदल्या दिवशी दहा वर्षांच्या पोराला मागे बसवून गोठलेलं तळं ओलांडायचं, असा बेत होता. वाटेने गेलं तर बारा मैल, तळ्यावरून तीन. आपल्या मराठीत आकाशातून पडतो तो बर्फ आणि पाणी गोठून होतो तोही बर्फ. आपल्याला फरक करायची वेळच येत नाही. तिथे मात्र या फरकावर जीव तोलला जातो. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याचा साधा तक्ता आहे. नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ पायी चालायला किमान चार इंच हवा, स्नोमोबाइलला पाच ते सात इंच. बर्फ पांढरट असेल तर जाडी दुप्पट धरा. आणि शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच. त्यात लवकर पडलेलं हिम तळ्यावर गोधडीसारखं पसरतं. आपल्याला वाटतं, एवढी थंडी, एवढं हिम, बर्फ दगडासारखा झाला असेल. प्रत्यक्षात त्या गोधडीखाली थंडी पोहोचत नाही आणि बर्फ जाड व्हायचा थांबतो. जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे तर तो आणखी पातळ. त्या डिसेंबरात हिम भरपूर पडलं होतं.

जावयांना मी म्हटलं, "कागद मी वाचला, आता बर्फ तुम्ही वाचा." दुसऱ्या दिवशी ते काठाजवळ भोक पाडून मोजून आले. काठाला सहा इंच, पण वरचे निम्मे पांढरे. मधे किती, देव जाणे. संध्याकाळी त्यांनी नकाशा पुन्हा पसरला आणि स्वतःच तळ्यावर काट मारली. नातू रुसला. बारा मैलांच्या वाटेने जायचं ठरलं.

मग यादी झाली. निघायची वेळ सकाळची, कारण त्या दिवसांत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. वाट कोणती आणि परत कधी, हे लिहून घरी ठेवायचं. पेट्रोल पुढे कुठे मिळेल ते आधी पाहायचं. जादा पट्टा, जादा स्पार्क प्लग. अंगाला सुती कपडा नाही, तो घामाने भिजला की वाळत नाही. पोराला हेल्मेट, तेही त्याच्या मापाचं. चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली. दारूचा थेंब नाही, घरी परतेपर्यंत. ही यादी आणि विम्याचा अर्ज शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्हींत प्रश्न तेच होते. काय बिघडू शकतं, कुणाचं बिघडू शकतं आणि त्याला आपण काय करणार?

एका कुटुंबाने हॉटेलात दोनदा जेवावं एवढ्या पैशांत तो विमा आला. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ च्या हिवाळ्यात, मिनेसोटात विक्रमी ऊब होती. हिम नावापुरतं पडलं आणि गाडी गॅरेजात बसून राहिली. "वाया गेले की हो पैसे," सौ. फोनवर म्हणाली. लेक म्हणाली, "आई, छत्री घेतली आणि पाऊस आला नाही, तर कुणी रडतं का?"

विमा हा धीर देणारा कागद आहे, पण धीटपणा देणारा नव्हे. पॉलिसी खिशात आहे म्हणून बर्फ अर्ध्या इंचानेही जाड होत नाही. उलट, बर्फ नीट मोजला म्हणून दुसऱ्याचं नुकसान भरून द्यायची आपली जबाबदारी संपत नाही. दोन्ही हवं. आणि सरकारने सांगितलं म्हणून नको, स्वतः वाचून, समजून हवं. सक्ती असली की आपण वाचत नाही आणि सक्ती नसली की घेत नाही. या दोन सवयींच्या फटीत माणसं सापडतात. मी एक सापडताना पाहिली आहे.

३१ डिसेंबरला सकाळी दोघं निघाले. दुपारी एकच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. नातू उतरला, नाक लाल, डोळे चमकणारे. रुसवा कुठल्या कुठे गेला होता. म्हणाला, "आजोबा, समोरून स्लेड आल्या की पहिला माणूस बोटं दाखवतो. मागे अजून किती आहेत, तेवढी बोटं. आणि शेवटचा नुसती मूठ दाखवतो. म्हणजे माझ्यामागे कुणी नाही!"

अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला जाता जाता सांगायचं, सांभाळ, मागून अजून येताहेत. एका वाक्याचं काम. तेवढं एक वाक्य मी त्या बाईंना सांगायला हवं होतं.