'गोतावळ्या'नंतरचा ट्रॅक्टर

आनंद यादवांची 'गोतावळा' १९७१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ट्रॅक्टर येतो तो एकाच भूमिकेत. मालक यंत्र आणतो, जनावरे जातात आणि नारबासारख्या गड्याचे जग उजाड होते. गेली कित्येक वर्षे मी वर्गात हेच शिकवीत आलो आहे आणि उत्तरपत्रिकांतून तेच माझ्याकडे परत येत आहे : 'ट्रॅक्टर हे यंत्रसंस्कृतीचे प्रतीक होय.' वाक्य चुकीचे नाही. परंतु ते किती अपुरे आहे, हे मला गेल्या उन्हाळ्यात भिवपुरीजवळच्या एका गोठ्यात उमगले.

गोठा म्हणायचा तो सवयीने. बैल जाऊन तिथे जमाना झाला. गव्हाण मात्र तशीच आहे आणि तिच्यात आता पाने, हातोडी, रॉकेलची बाटली आणि चिंध्या असतात. तिच्यासमोर, बैल बांधायच्या जागी, बी-२७५ जातीचा जुना ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भागांत उभा होता. हा ट्रॅक्टर तसा आपल्याच मुलखातला. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मिळून काढलेल्या कंपनीचा हा माल, कारखाना कांदिवलीला. म्हणजे यादव ज्या काळाची व्यथा लिहीत होते, त्याच काळातले हे यंत्र. कादंबरीतला ट्रॅक्टर नवा कोरा होता. तो पुढे म्हातारा झाला असेल, त्याचे काय झाले असेल, हा प्रश्न आपल्या समीक्षेला कधी पडलाच नाही.

दुखणे साधे होते : क्रँकच्या मागच्या टोकाचे ऑइल सील गळत होते. सील म्हणजे रबराची एक कडी. तिच्या आतल्या ओठाला बारीक स्प्रिंगचा वेढा असतो आणि तो ओठ फिरत्या दांड्यावर हलकेच टेकून तेल आत राखतो. वस्तू स्वस्त, पण तिच्यापर्यंत पोहोचणे महाग. शेतट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चॅसी बहुधा नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स हाच त्याचा कणा. तो कणा मधून सोडवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील उतरवायचे, तेव्हा कुठे सील दिसते. न बदलावे तर तेल क्लच प्लेटवर जाते आणि ऐन चिखलणीत क्लच घसरू लागतो. इकडे हे परवडणारे नाही. टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाला कालव्याने पुढे शेतांना मिळते, म्हणून कर्जत तालुक्याच्या काही गावांत पावसाळी भातामागोमाग उन्हाळी भातही होते. चिखल वर्षातून दोनदा.

मिस्त्रींची पद्धत मी लक्षपूर्वक पाहिली. ट्रॅक्टर सोडण्यापूर्वी त्यांनी इंजिन रॉकेलने लख्ख धुतले होते आणि मग थोडा वेळ चालवून तेल कुठून ओघळते ते पाहिले होते. वरच्या झाकणाचे पॅकिंग गेले असले तरी तेल पाठीवरून उतरून खालीच जमते आणि दोष सीलवर येतो. (पाठचिकित्सा करणाऱ्याने हस्तलिखितावरचा डाग कोणत्या नकलकाराचा हे असेच शोधायचे असते, आपण बहुधा न धुताच निदान करतो.) जुने सील निघाल्यावर त्यांनी दांड्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. इतक्या वर्षांत रबरासारख्या मऊ ओठाने पोलादावर चरा पाडला होता. ओठात अडकलेली धूळ हे काम करते, ते म्हणाले. मग क्रँक वरखाली हलवून पाहिला.

"काका, बेअरिंग अजून धरून आहे. ते ढिलं असतं तर नवं सील घालून काही उपेग नव्हता."

"अरे, मग घाल की बाबा. पाऊस काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

नवा ओठ जुन्या चऱ्यावर येऊ नये म्हणून सील किंचित कमी खोल बसवले. ओठाला आधी तेल लावले, कारण सील कोरडे फिरले तर जळते. ते टिकते ते स्वतःच्या आणि दांड्याच्या मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर राखूनच. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. मग लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी सारखे, हलके ठोके.

या सगळ्या वेळात मी ऐकत होतो ती भाषा. नामे बहुतेक इंग्रजीतून आलेली : क्रँक, क्लच, सील, बेअरिंग. क्रियापदे मात्र एकूणएक मराठी. सील बसते, बेअरिंग वाजते, क्लच घसरतो, आटे मरतात, इंजिन दम टाकते. आणि ही क्रियापदे कुठून आली? दम टाकतो तो बैल. आमच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले, ते काम मोलाचेच. पण कोश नामांचे असतात. मराठीने यंत्र आपलेसे केले ते क्रियापदांच्या वाटेने, आणि त्याची नोंद घेण्याचे काम कोशकारांपेक्षा कथाकारांचे अधिक होते.

ते आपल्या ग्रामीण लेखनात फारसे झालेले नाही, असे माझे मत आहे. जू, शिवळ, वेसण, कासरा यांवर आपण प्रेमाने टिपा लिहितो. शहरातल्या विद्यार्थ्याला ते शब्द कळत नाहीत म्हणून हळहळतो. मात्र आज गावातल्या विशीच्या मुलाच्या हाताला जे शब्द चिकटले आहेत, ते साहित्यात आले की आपल्याला भाषा 'बिघडल्या'सारखी वाटते. कोणी म्हणेल, बैलाशी असलेले नाते जिवंत प्राण्याशी होते, लोखंडाशी तसले नाते कसे जडेल? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. नारबाचे दुःख खरेच आहे, आणि ट्रॅक्टरला डोळे नाहीत. पण माणूस ज्याची उस्तवार करतो त्याच्याशी त्याचे काही ना काही जडतेच. त्या काकांना नवा ट्रॅक्टर घ्या असे घरचे सांगतात. शेजारच्या जमिनी फार्महाऊसवाल्यांना गेल्या, आता नांगरायचे तरी किती, असेही सांगतात. ते ऐकून घेतात आणि सील आणायला कर्जतला जातात. या माणसाची कादंबरी मला माहीत नाही. 'यंत्र विरुद्ध माणूस' या चौकटीत तो मावत नाही, आणि म्हणूनच बहुधा आपल्या अभ्यासक्रमातही मावत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही भाग पुन्हा जुळवून ट्रॅक्टर सुरू केला. अर्धा तास चालवून बंद केल्यावर मिस्त्रींनी क्लचच्या पेटीखाली खोक्याचा एक पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर रुपयाएवढा एक डाग होता. काका उकिडवे बसून त्याच्याकडे पाहत राहिले. "जुनं आहे, पेटीत राहिलेलं," मिस्त्री म्हणाले, आणि डागाची जागा सोडून पुठ्ठा वीतभर पुढे सरकवला.