पहाटेची वाट

जालन्याहून सकाळचे विमान गाठायचे तर पहाटेच चिकलठाणा विमानतळाचा रस्ता धरावा लागतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्यांवर लाठीमार झाला, धुळे-सोलापूर महामार्गावर एसटी पेटल्या आणि असले सगळे हिशेब कोलमडले. विमान चुकलेल्यांचे कसले कौतुक, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, त्यांना दुसरे तिकीट मिळते. एसटी थांबली की अडतो तो डायलिसिसला निघालेला रुग्ण. रस्ता अडवल्याशिवाय मुंबई ऐकत नाही, हा दुसरा आक्षेप. पण तत्कालीन उपमुख्यमंत्री फडणवीसांना माफी मागावी लागली ती उपोषणकर्त्यांच्या अंगावरच्या वळांमुळे, जळक्या टायरांमुळे नव्हे. अर्थात वाट सरकारही अडवतेच: याच आंदोलनात २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी आली, जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले. बोर्डिंग पास मोबाइलमध्ये असेल, तर दाखवणार कसा?