नियम सुरक्षेचा की गल्ल्याचा?

विमानप्रवासाची तयारी कशी करावी हे शिकविणाऱ्यांचा हल्ली सुळसुळाट झाला आहे. पहिल्यांदाच विमानात बसावयास निघालेल्या काकाकाकूंना घरातला प्रत्येक तरुण बजावतो : पेटी पंधरा किलोंची, पिशवी सात किलोंची, तेल नको, खोबरे नको, दोन तास आधी पोहोचा, आणि का म्हणून विचारू नका! माझे भांडण आहे ते या शेवटच्या आज्ञेशी. नियम मोडावेत असे मी म्हणत नाही. परंतु जो नियम पाळावयाचा त्याचे कारण पाळणाऱ्याला कळले पाहिजे, आणि तो कोणाच्या हिताचा आहे हेही कळले पाहिजे.

काही नियम खरोखरीच जिवाचे आहेत. पॉवर बँक मोठ्या पेटीत ठेवू नये, हातातल्या पिशवीत ठेवावी. का? तिच्यातली लिथियमची बॅटरी प्रवाशांच्या डोळ्यांदेखत पेटली तर ती विझविता येते. खाली सामानाच्या कोठारात पेटली तर तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. म्हणून १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी बिनपरवाना, त्यापुढे १६० पर्यंतची कंपनीला विचारून, आणि त्याहून मोठी मुळीच नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाजूला काढल्या की काकूंना तो देवाधर्माचा अपमान वाटतो. वस्तुतः तेलकट खोबरे उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकते. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांकच दिलेला आहे. आपल्याकडून परदेशी जाताना हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, त्याचे हे फळ. तूप, दही, लोणच्याचा खार ही सारी त्यातच मोडतात. लोणचे न्यावयाचेच असेल तर बरणीला दोन पिशव्या बांधून ती मोठ्या पेटीत घालावी. ही कारणे दोन-दोन वाक्यांत सांगता येतात, आणि एकदा सांगितली की कोणतीही शहाणी बाई त्यांवर वाद घालणार नाही.

आता दुसऱ्या जातीचे नियम पाहा. देशातल्या देशात जाताना बहुतेक कंपन्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला १५ किलोंची पेटी आणि ७ किलोंची पिशवी तिकिटातच नेऊ देतात. पेटी १८ किलो भरली तर काय होते? विमान कोसळते? मुळीच नाही. तीन किलोंचे पैसे भरले की तीच पेटी, त्याच पट्ट्यावरून, त्याच विमानात जाते. पैसे मोजताच जो धोका विरघळतो तो धोका कसला? ती किंमत आहे. किंमत घेण्याचा कंपनीला हक्क आहे; इंधन काही तिला फुकट मिळत नाही. एसटीतही जादा बोचक्याला तिकीट पडते. पण ते तिकीट देताना एसटीच्या कंडक्टरने देशाच्या सुरक्षिततेचा आव आणल्याचे मला आठवत नाही!

याच्या शेजारीच दुसरा नियम आहे : एका पेटीचे वजन ३२ किलोंवर जाता कामा नये. हा मात्र पैशापुढे वाकत नाही, कारण ती पेटी उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा तो प्रश्न आहे. असा नियम मी आनंदाने पाळीन.

दुर्दैव असे की हे सारे एकाच यादीत, एकाच करड्या सुरात सांगितले जाते. भोळा प्रवासी दोन्हींपुढे सारखाच वाकतो. काउंटरपुढच्या जमिनीवर पेटी उघडून, पातळे बाजूला सारीत चकल्यांचा डबा शोधणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत. चोरी करताना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. अपराध कोणता? तीन किलो!

गाडीचेही तसेच. तिकीट आणि ओळखपत्र नसणाऱ्याला इमारतीत प्रवेश नाही, हे सुरक्षेचे, मान्य. दारापुढे गाडी फार वेळ थांबू नये, हे वाहतुकीचे; तेही मान्य. पण पार्किंगचा तासाचा दर हा मात्र निव्वळ व्यापार आहे, आणि त्याचा हिशेब व्यापारासारखाच मांडावा. म्हाताऱ्या माणसांना आतल्या दारापर्यंत पोहोचवावयाचे असेल तर गाडी सरळ पार्किंगमध्ये लावावी आणि ते पैसे प्रवासखर्चात धरावेत. नुसते सोडावयाचे असेल तर हातावर दही, नमस्कार आणि डोळे पुसणे घरीच उरकावे. चार दिवस गाडी तिथेच ठेवून जाणाऱ्याने आधी जाण्यायेण्याचे टॅक्सीभाडे आणि चार दिवसांचा दर शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, "नियम छापलेले असतात, ज्याने त्याने वाचून यावे." वा! २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली आणि नांदेड-हैदराबाद ही विमाने सुरू करून 'उडान' योजनेने सामान्य माणसाला विमानात बोलावले. पाहुण्याला आमंत्रण द्यावयाचे आणि घराची रीत त्याला कळेल अशा भाषेत सांगावयाची नाही, हे कुठले यजमानपण? धडधाकट चालणारी आई विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मागणी का नोंदविते? पाय दुखतात म्हणून नव्हे. खुर्ची ढकलणारा मुलगा तिला योग्य दारापर्यंत नेतो म्हणून! घोषणा प्रथम स्थानिक भाषेत कराव्यात असा आदेश २०१८ मध्ये निघाला. पण जे विमानतळ 'शांत' झाले आहेत तिथे घोषणाच नाहीत. फलक वाचा आणि चालू लागा!

आणि यादी लिहिणाऱ्यांची स्मरणशक्ती कशी सोयीची असते पाहा. प्रवाशाचे कर्तव्य ठळक अक्षरांत असते. त्याचा हक्क त्याला कोणी सांगत नाही. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार, आणि भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला आहे, परदेशच्या प्रवासात पेटी फुटली तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आली तर २१ दिवसांत लेखी तक्रार करता येते. मुदत टळली की हक्क गेला. काकूंना चकलीचे वजन पाठ करावयास लावणाऱ्या किती पुतण्यांनी हे त्यांना सांगितले आहे?

माझी मागणी साधी आहे. तिकिटाबरोबर मराठीत एक कागद द्यावा. त्यावर दोन रकाने असावेत. एकात सुरक्षेचे नियम, प्रत्येकापुढे त्याचे कारण. दुसऱ्यात किमतीचे नियम, प्रत्येकापुढे त्याचा दर. खाली प्रवाशाचे हक्क, त्याच टाइपात.

तो कागद हाती येईपर्यंत काकाकाकूंनी पेटी घरच्या काट्यावर तोलून निघावे, आणि काउंटरवर कोणी अडविलेच तर ताठ मानेने एकच प्रश्न विचारावा : "पैसे भरले तर चालेल का?" उत्तर होकारार्थी आले, तर लाज न बाळगता हिशेब करावा आणि परवडेल ते करावे. नकार आला, तर वाद न घालता ती वस्तू मागे ठेवावी.