धावण्यासाठी जमीन

आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले आणि बीड जिल्ह्याची मान उंचावली. परंतु लिंबागणेशसारख्या गावी पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे पळणाऱ्या मुलाला वाहनांच्या रस्त्यावाचून दुसरी वाट क्वचितच असते. मुलींना तर ८०० मीटरसाठीही उजेडाची वाट पाहावी लागते.

धावण्यास भांडवल लागत नाही, हा समज अपुरा आहे. त्यास निर्धोक जमीन लागते. आणि ऊसतोड कामगाराच्या मुलापाशी नेमकी तीच नसते. ती एकट्याने विकत घेण्याची वस्तू नव्हे. गावाने मिळून पुरविण्याची आहे. सार्वजनिक जागेत मातीचा २०० मीटरचा धावमार्ग आखणे ग्रामपंचायतीस अशक्य नाही. सत्कारसमारंभांआधी तो आखला जावा.