प्रोफाइल एकच ठेवा, पण वेल्ह्याचा सर्व्हर भोरला बांधू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत दोन सर्व्हरना एकाच प्रोफाइलवरून सेटिंग कसं द्यायचं ते स्क्रीनवर दाखवलंय. व्हिडिओत काय होतं, क्लिक कुठे करायचं एवढंच येतं. का करायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते राहून जातं. म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन शाखा असतील तर सेटिंगची प्रोफाइल एकच हवी. त्या प्रोफाइलमध्ये प्रत्येक सर्व्हरच्या खास गोष्टींना लेखी जागा हवी. आणि हे करायला दोन गावांचे सर्व्हर एकमेकांना बांधायची गरज नाही. यातलं तिसरं वाक्य मी एक अख्खी सकाळ गल्ला बंद ठेवून शिकलोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आमचं मोटर-पाइप-इलेक्ट्रिकलचं दुकान भोरला आहे, छोटी शाखा वेल्ह्याला. दोन्हीकडे एकेक जुना, सेकंडहँड घेतलेला सर्व्हर आहे आणि त्यावर प्रॉक्समॉक्स. प्रॉक्समॉक्स म्हणजे एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर. वाडा एक, बिऱ्हाडं चार, असं समजा. एका बिऱ्हाडात बिलिंग, एकात फाइली, एकात क्लासच्या मुलांच्या प्रॅक्टिसची मशीन. वाड्याचा दिंडी दरवाजा सगळ्यांचा एकच, पण विजेचं मीटर ज्याचं त्याचं. सगळा विषय एवढ्यातच आहे: दरवाजा कुठला आणि मीटर कुठलं हे आधी ठरवायचं.

मी ते ठरवलंच नाही. मला वाटलं, प्रॉक्समॉक्समध्ये क्लस्टरची सोय फुकट आहे, दोन्ही सर्व्हर जोडून टाकू. एकदा जोडले की युजर, फायरवॉलचे नियम, बॅकअपचं वेळापत्रक, स्टोरेजची यादी असं सगळं एका सामाईक फोल्डरमध्ये राहतं. भोरला बदललं की वेल्ह्याला आपोआप बदलतं. भोरहून कापूरहोळ, चेलाडी फाटा, मार्गासनी करत वेल्हे गाठायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, तो वाचला. इंटरनेटवरून व्हीपीएन टाकला, दोन्ही सर्व्हर जोडले, आणि त्या रात्री मी स्वतःवर फार खूश होतो.

पहिला फटका बॅकअपचा. भोरच्या सर्व्हरला बॅकअपसाठी वेगळी डिस्क आहे. स्टोरेजची यादी सामाईक झाल्यामुळे ती डिस्क वेल्ह्याच्या यादीतही दिसायला लागली. यादीत डिस्क होती, खोक्यात नव्हती. रात्रीचं बॅकअपचं कामही सामाईक, तेही त्याच डिस्कवर लिहायला जाणार. भोरला रोज बॅकअप व्हायचा, वेल्ह्याला रोज फेल. फेल झाल्याचे मेल येत होते. मी वाचत नव्हतो. अकरा दिवसांनी लक्षात आलं. नशीब, त्या अकरा दिवसांत काही बिघडलं नाही. उपाय एका मिनिटाचा होता: ही डिस्क फक्त भोरच्या नोडसाठी, एवढं स्टोरेजच्या सेटिंगमध्ये निवडायचं आणि वेल्ह्यासाठी वेगळं ठिकाण द्यायचं. सामाईक यादीत प्रत्येक यंत्राचा अपवाद नोंदवायची सोय होती, पण ती वापरायला हवी हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

दुसरा फटका मोठा. पावसाळ्याचे दिवस, रात्री वेल्ह्याची लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद. सकाळी लाइट आली, इंटरनेट काही आलं नाही. साडेनऊला मावसभावाचा फोन. "दादा, सर्व्हर चालू आहे, हिरवा लाइट आहे, पण बिलिंग उघडत नाही. दुकानात पाच जण उभे आहेत."

सर्व्हर खरंच चालू होता. आतलं बिलिंगचं मशीन चालू होत नव्हतं. कारण गणपूर्ती. ग्रामसभेला ठरलेली संख्या जमली नाही की सभा तहकूब होते ना, क्लस्टरचंही तसंच असतं. निम्म्याहून जास्त मतं हजर नसतील तर क्लस्टर कुठलाही निर्णय घेत नाही. आमची मतं दोन, म्हणजे दोन्ही हजर हवीत. लाइन तुटल्यावर वेल्ह्याकडे एकच मत उरलं. अशा वेळी सामाईक फोल्डर फक्त वाचण्यापुरता उघडा राहतो. आधीपासून चालू असलेली मशीन चालत राहतात, पण बंद पडलेली आपोआप सुरू होत नाहीत. भोरला मशीन चालूच होती, म्हणून इथे मला काहीच कळलं नाही. वेल्ह्याला सगळं बंद पडून पुन्हा उठायचं होतं, तिथेच अडलं.

शेवटी फोनवर एकेक अक्षर सांगून त्याच्याकडून कमांड टाइप करून घेतली. एका मताला गणपूर्ती माना, असं क्लस्टरला सांगणारी ती कमांड. तोपर्यंत दुपार झाली होती. दोन गिऱ्हाइकं वहीवर लिहून माल घेऊन गेली, बाकीची तशीच गेली.

दोष सॉफ्टवेअरचा नाही. प्रॉक्समॉक्सच्याच कागदपत्रांत लिहिलंय की क्लस्टरच्या यंत्रांमध्ये लोकल नेटवर्कसारखा, ५ मिलिसेकंदांच्या आतला प्रतिसाद हवा. मी ते दोन डोंगरी तालुक्यांमधल्या इंटरनेटवर टाकलं. काही जण म्हणतील, तिसरं मत द्यायला छोटं यंत्र ठेवता येतं. येतं ना. पण ते भोरला ठेवलं तर वेल्हे एकटंच, आणि वेल्ह्याला ठेवलं तर भोर एकटं. एकाच खोलीत तीन सर्व्हर असतील तर क्लस्टर जरूर करा. दोन गावांत दोन असतील तर करू नका.

मग एकसारखेपणा आणायचा कसा? साध्या मजकुराच्या फाइलींनी. मी आन्सिबल वापरतो, तेही फुकट आहे. एका फाइलीत सगळ्या सर्व्हरचं सामाईक सेटिंग लिहायचं आणि प्रत्येक सर्व्हरच्या नावाची एकेक छोटी फाइल करायची. एकच गोष्ट दोन्हीकडे लिहिलेली असेल तर त्या सर्व्हरची फाइल जिंकते. लाइन असेल तेव्हा भोरहून सेटिंग जातं. लाइन गेली तर वेल्ह्याचा सर्व्हर मिळालेल्या सेटिंगवर आपला आपला चालतो, कुणाच्या मताची वाट बघत नाही. मला हवं होतं ते एवढंच.

ही कल्पना काही माझी नाही. व्हीएमवेअरने २००९ मध्ये होस्ट प्रोफाइल आणली. एक सर्व्हर नमुन्याचा धरायचा, त्याची प्रोफाइल काढायची, बाकीच्यांना लावायची आणि कोण नमुन्यापासून हटलंय ते तपासायचं. पण तिथेही आयपी पत्ता, होस्टचं नाव अशा गोष्टी प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळ्या भराव्याच लागतात. ही सोय त्यांच्या सगळ्यात महागड्या लायसन्समध्ये होती, म्हणजे आपल्यासाठी नव्हतीच. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरात एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स बंद केलं. तेव्हापासून प्रॉक्समॉक्सबद्दल विचारणाऱ्यांचे फोन मलाही जास्त यायला लागले.

आता दरवाजा कुठला आणि मीटर कुठलं? घड्याळाची वेळ, फायरवॉल, युजर, पासवर्डचे नियम, अपडेटचं धोरण हे बिनदिक्कत सामाईक ठेवा. सर्व्हरचं नाव, आयपी पत्ता, बॅकअपची डिस्क हे ज्याचं त्याचं, यात वाद नाही. मधल्या गोष्टी फसवतात. यूपीएसवर किती मिनिटांनी सर्व्हर बंद करायचा, हे मला आधी सामाईक वाटायचं. भोरची लाइट बहुतेक वेळा थोड्या वेळात येते. वेल्ह्याला पावसात गेली की गेली, शिवाय तिथला यूपीएस लहान. म्हणून वेल्ह्याचा सर्व्हर ४ मिनिटांत स्वतःला नीट बंद करून घेतो, भोरचा १५ मिनिटं थांबतो. एकच आकडा दोघांना लावला असता तर एकाचं नुकसान ठरलेलं होतं.

बिलाची सीरिज तर नीट लक्षात ठेवा. बिलिंगचं चालू मशीन क्लोन करून दुसऱ्या शाखेत लावलं की सीरिजही क्लोन होते. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला असावा लागतो. सीरिज एकापेक्षा जास्त चालतात. एका जीएसटी नंबरखाली दोन दुकानं असतील तर भोरची सीरिज वेगळी, वेल्ह्याची वेगळी, आणि ती पहिलं बिल फाडायच्या आधी. लिनक्सची मशीन क्लोन करत असाल तर मशीन-आयडीही नवा करून घ्या, नाहीतर दोन मशीन एकाच आयपी पत्त्यावर हक्क सांगतात आणि आपण दिवसभर केबल बदलत बसतो.

आता उलटं उदाहरण. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. गावाला आम्ही वेल्हेच म्हणतो, पण बिलावर 'ता. राजगड' करायची वेळ आली. मी 'ता. वेल्हे' हे शब्द हाताने चार ठिकाणी टाकले होते: बिलाचा साचा, कोटेशन, दुरुस्तीची पावती, बॅकअपचा रिपोर्ट. तीन ठिकाणी बदलले. चौथं, दुरुस्तीच्या पावतीवरचं, गिऱ्हाइकानेच दाखवलं. आता साचा सामाईक आहे आणि तालुका ही वेल्ह्याच्या फाइलीतली एक ओळ आहे. भोरच्या फाइलीत त्याच जागी भोर.

"सर, दोनच तर सर्व्हर आहेत, हाताने करू की," असं क्लासमध्ये दर वेळी कुणीतरी म्हणतंच. करा. पण रात्री दहाला घाईत वेल्ह्याच्या सर्व्हरवर केलेला बदल सहा महिन्यांनी तुम्हाला आठवेल का? मला नाही आठवत. माझं डोकं कापूरहोळच्या चौकातच रिकामं होतं.

सामाईक प्रोफाइलला मी डोळे झाकून मान देत नाही, हेही सांगतो. चूकही सामाईक होते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. एकच फाइल सगळीकडे एकदम गेली. म्हणून माझ्याकडे बदल आधी चेक मोडमध्ये चालतो, म्हणजे काय बदलणार ते फक्त दिसतं, काही बदलत नाही. मग भोरला लावतो, कारण तिथे मी स्वतः असतो. दोन दिवस बिलं नीट निघाली की मग वेल्ह्याला.

वेल्ह्याच्या फाइलीची छापील प्रत तिथल्या सर्व्हरच्या पाठीला चिकटवलीय, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कारण पावसाळ्यात तिथे कागदही ओलसर होतो. मागच्या वेळी गेलो तर मावसभावाने खाली पेनाने एक ओळ वाढवलेली: 'लाइट आली की आधी राउटर, पाच मिनिटांनी सर्व्हर.' ही ओळ माझ्या मूळ फाइलीत नाही. रविवारी घालतो, आणि भोरलाही ती लागू करायची का, हे त्यालाच विचारतो.